अन्नावरची वासना

१९९० सालची दिवाळी. बोरिवली पूर्वेच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई स्टोव्हपाशी बसून चकल्या तळत होती. चकल्या नेहमीसारख्याच काटेरी आणि खुसखुशीत उतरत होत्या. शेजारच्या काकू आल्या, एक तोंडात टाकून "वा!" म्हणाल्या. आईने मात्र परातीतली एकही उचलली नाही. दरवर्षी पहिल्या घाण्यातली पहिली चकली मोडून ती स्वतः मीठ पाहत असे. त्या दिवशी तिने तो तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तूच बघ रे. मला काही कळत नाही."

आदल्या वर्षीच्या जूनमध्ये माझी चार वर्षांची बहीण तापाने गेली होती. त्या दिवाळीला घरात कढई चढली नाही. वर्ष उलटले, तेव्हा वडील म्हणाले, मुलांसाठी तरी काहीतरी करू. आईने सगळे केले. करंज्यांना मुरड घातली, शेव पाडली, लाडू वळले. फक्त खाल्ले नाही. तोवर ती इतकी वाळली होती की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरत. विचारले की एकच उत्तर : "भूकच लागत नाही."

चाळीतल्या डॉक्टरांनी भूक लागण्याचे लाल औषध दिले. ते संपले तेव्हा दुसरे दिले. एका वैद्यांनी मंदाग्नी सांगून पाचक दिले. आजीने दृष्ट काढली. कोणाचेच चुकले असे आज मी म्हणणार नाही. बाई जेवत नाही म्हटल्यावर कोणीही आधी पोटाकडेच पाहणार.

आपली भाषाही तेच करते. भीतीने पोटात गोळा येतो, काळजीने खड्डा पडतो, मायेने कालवते. दुसऱ्याचा अपराधसुद्धा आपण पोटातच घालतो. आणि दुःखाने माणूस जेवेनासा झाला की आपण म्हणतो, 'अन्नावरची वासना उडाली'. हा शब्दप्रयोग मला फार नेमका वाटतो. अन्न पोटाचे आणि वासना मनाची, पण बोलणाऱ्याने त्यांची फारकत केलेली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातही असे सांगितले आहे की हितकर अन्न बेताने खाल्ले तरी चिंता, शोक, भय किंवा क्रोध यांनी ग्रासलेल्या माणसाला ते पचत नाही. म्हणजे मनाची वाट पोटातून जाते, हे आपल्या लोकांना ठाऊक होते. ती वाट नेमकी कुठून कशी जाते, एवढे मात्र उमगले नव्हते.

दिवाळीनंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून वडील तिला शहरातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. तिथे तिला मनाच्या डॉक्टरांकडे धाडले. त्या काळी 'वेड्यांचा डॉक्टर' याखेरीज त्याला दुसरा शब्द चाळीत नव्हता. म्हणून वडिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितले की पोटाच्या डॉक्टरकडे नेतो आहे. मीही बरोबर होतो. डॉक्टरीणबाई चष्मा लावणाऱ्या, सावकाश बोलणाऱ्या होत्या. मुलगी गेल्याचे त्यांनी ऐकून घेतले, पण प्रश्न मात्र भलतेच विचारले. "बाई, भूक कशी आहे? जिभेला चव लागते का? झोप? पहाटे किती वाजता जाग येते?" आई म्हणाली, "साडेतीनला. मग पंख्याकडे बघत पडते." बाईंनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहून दिली. रात्री जेवल्यावर एक गोळी.

तीन वर्षांपूर्वी वडील वारले. रेशनकार्डाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी ती चिठ्ठी जपून ठेवलेली सापडली. तिच्यावरचे औषधाचे नाव लागले : सिंटामिल. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. वर्गात भाषा शिकवावी आणि रात्री कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा उद्योग. औषधांतले मला काय कळणार? पण जुना कागद हाती आला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. शोधता शोधता कळले ते असे की ती गोळी परदेशातून आलेलीच नव्हती. आमच्या बोरिवलीपासून तीन स्टेशनांवर, गोरेगावात तिचा जन्म झाला होता.

गोरेगावपर्यंत पोहोचण्याआधी ही गोष्ट परळहून सुरू करावी लागते.

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांचा जन्म मुंबईचाच, १९११ चा. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. बिहारात तर तिला सरळ 'पागल की दवा' म्हणत. दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातली द्रव्ये वेगळी काढली आणि कलकत्त्यात सेन आणि बोस या जोडीने तिचा वेडावर व रक्तदाबावर उपयोग होतो असे लिहिले. या दोन्ही गोष्टी १९३१ च्या. पण जगाने कान टवकारले ते १९४९ मध्ये, जेव्हा वकिलांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवरचा आपला अनुभव विलायतेतल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला. तीन वर्षांत, म्हणजे १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरी सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेझर्पिन. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या मुंबईकरांना हे नाव माहीत नसावे याचे मला वाईट वाटते.

रेझर्पिनने रक्तदाब उतरे, खवळलेला रोगी शांत होई. पण काही रोगी नको तितके शांत झाले. ते उदास होत, त्यांना कशातच रस उरत नसे. किती जणांना आणि खरोखर औषधामुळेच का, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. तरी त्या निमित्ताने एक गोष्ट उघडकीस आली. अमेरिकेत ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दाखवले की रेझर्पिन शरीरातला सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचा साठा रिकामा करते. आणि हे सेरोटोनिन मूळचे कुठले? इटलीत एर्स्पामेर यांना ते १९३० च्या दशकात आतड्याच्या अस्तरात सापडले होते. मेंदूत ते असल्याचे बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेने दाखवले, ते १९५३ मध्ये. आज आपण जाणतो की शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच तयार होते. ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदू आपले वेगळे बनवतो. पण द्रव्य तेच. वडिलांनी चाळीत मारलेली 'पोटाच्या डॉक्टर'ची थाप मला आता तितकीशी थाप वाटत नाही.

दुसरा धागा क्षयाचा. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना नवी औषधे देऊन पाहत होते. त्यांतले एक इप्रोनियाझिड. महिनोन्‌महिने खाटेला खिळलेली, ताट परत पाठवणारी माणसे जेवण मागू लागली. वजने वाढली. पुढे ती माणसे वॉर्डात नाचू लागली, आणि वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली. डॉक्टरांनी याची नोंद औषधाचा आगंतुक परिणाम म्हणून केली. भूक फार वाढते आणि रोगी वाजवीपेक्षा जास्त आनंदी होतो, ही जणू तक्रार! हाच दोष गुण म्हणून वापरावा, हे १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी प्रथम करून दाखवले. रेझर्पिनवर काम केलेलेच हे गृहस्थ, आणि वकिलांबरोबर त्याच वर्षी लास्कर मिळवणारे. उदासीनतेवरचे हे पहिलेवहिले औषध. कावीळ होते म्हणून ते पुढे मागे पडले. पण पाहा, औषध मनावर चालते याची पहिली खूण डॉक्टरांना ताटात दिसली होती.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये म्युन्स्टरलिंगेन या सरोवराकाठच्या गावी रोलांड कून नावाचे डॉक्टर गायगी कंपनीचे एक द्रव्य तपासत होते. ते वेडावर चालेना, म्हणून त्यांनी १९५६ मध्ये अतिशय उदास रोग्यांना देऊन पाहिले, आणि माणसे उठून बसली, बोलू लागली, जेवू लागली. हे इमिप्रामिन. या जातीच्या औषधांनी रोग्याचे वजन बहुधा वाढते. याचे कारण पुढे सापडले ते असे की ती मेंदूतल्या हिस्टामिनचा एक मार्ग अडवतात, आणि तो अडला की भूक खवळते.

आता गोरेगाव. सिबा कंपनीने आपले संशोधन केंद्र तिथे उभारले आणि १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्यपद सोडून टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक म्हणून आले. वनस्पतींमधली द्रव्ये हुडकण्यात त्यांचा हातखंडा. त्यांच्याबरोबर के. नागराजन हे रसायनशास्त्रज्ञ होते. गोरेगाव तेव्हा आजच्यासारखे नव्हते. पूर्वेला आरेची दूधवसाहत आणि झाडी. तिथे बसून ही मंडळी नवनवी द्रव्ये घडवत होती. त्यांच्या क्रमांकांना 'गो' अशी शेपटी जोडलेली असे. बाझलच्या द्रव्यांना 'बा', तसे गोरेगावच्या द्रव्यांना 'गो'. त्यांतलेच एक नायट्रॉक्साझेपिन, इमिप्रामिनच्या गोतावळ्यातले. १९८२ मध्ये ते सिंटामिल या नावाने बाजारात आले. भारतात घडवलेले आणि भारतातच तपासलेले उदासीनतेवरचे औषध! दरम्यान १९७० मध्ये सिबा आणि गायगी एक झाल्या होत्या. म्हणजे वकिलांच्या सर्पगंधेवर काम करणारे घर आणि कूनच्या इमिप्रामिनचे घर एकाच छपराखाली आले, आणि त्या छपराची एक पागोळी गोरेगावात पडत होती. ते केंद्र आता राहिले नाही. गाडी गोरेगावात थांबली की मी पूर्वेकडे पाहतो, पण पाहण्यासारखे काही उरलेले नाही.

१९८२ हे साल आमच्या घरात दुसऱ्याच कारणाने बोलले जाई. गिरणी संप त्याच जानेवारीत सुरू झाला, वडिलांची नोकरी गेली आणि लालबाग सुटून आम्ही बोरिवलीस आलो. एकाच गावात, एकाच वर्षी, कोणाच्या तरी नकळत आमच्यासाठी काय काय चालले होते!

तरीही एक प्रश्न उरतोच. मन सुधारले म्हणून भूक लागते, की भूक लागली म्हणून मन सुधारते? कूनच्या पिढीला याचे उत्तर देता येत नव्हते, कारण भुकेचा निरोप्याच सापडलेला नव्हता. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅनन या शास्त्रज्ञाच्या शिष्याने, वॉशबर्नने, रबरी फुगा गिळून दाखवले होते की पोट आकसते तेव्हा भूक लागते. पुढे ऐंशी वर्षे भूक म्हणजे रिकामी पिशवी, एवढ्यावरच सामान्य माणसाची समजूत थांबली.

मग निरोपे सापडले. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांना चरबीतून निघणारे लेप्टिन मिळाले. 'कोठीत पुरेसा साठा आहे' असे ते मेंदूला कळवते. १९९९ मध्ये जपानात कोजिमा आणि कांगावा यांना जठराच्या अस्तरातून सुटणारे घ्रेलिन मिळाले. 'पाने घ्या' असे सांगणारे ते. अशा द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. आश्चर्य असे की ही संप्रेरके मेंदूच्या फक्त भुकेच्या कोपऱ्यातच जात नाहीत. आठवण, भीती, आनंद यांच्या ठिकाणीही त्यांना दार उघडणारे आहेत.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या लटर, झिगमन वगैरे संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. लहान उंदराला रोज थोडा वेळ एका दांडगट उंदरापुढे टाकायचे. काही दिवसांनी तो मार खाल्लेला उंदीर कोपऱ्यात बसतो, कोणाजवळ जात नाही. अशा जाचात त्याच्या रक्तातले घ्रेलिन वाढलेले आढळले. ज्या उंदरांच्या मेंदूला घ्रेलिनचा निरोप कळतच नव्हता, ते त्याच जाचाने अधिक खचले. आणि इतर उंदीर त्रासात जास्त खात, तसे ते खातही नव्हते. म्हणजे भुकेचे संप्रेरक शोकाविरुद्ध ढालीसारखे उभे राहत होते. टेक्सासमध्येच सॅन अँटोनियो येथे २००६ मध्ये लेप्टिननेही उंदरांतली उदासीनता उतरल्याचे दिसले होते.

उंदरावरून माणसावर उडी मारू नये, एवढे मलाही कळते. माणसांतले निष्कर्ष अजून एकमेकांशी जुळत नाहीत. त्याचे एक कारण असे दिसते की उदासीनता एकच नाही. काहींची भूक मरते, काहींची बेसुमार वाढते. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या पाहणीत भूक वाढलेल्या उदास माणसांच्या रक्तात लेप्टिन चढलेले आढळले. दोघांनाही आपण 'डिप्रेशन' म्हणतो खरे, पण आईसारखी वाळणारी बाई आणि रात्री उठून डबे उघडणारा माणूस, यांच्या पोटातून मेंदूकडे जाणारे निरोप वेगळे असणार.

उलट्या वाटेने गेले तर काय होते, याचाही अनुभव जगाने घेतला आहे. गांजाने भूक खवळते. त्याच्यासारखे द्रव्य आपले शरीर स्वतःही बनवते, तेव्हा त्याचा मार्ग अडवला तर भूक आवरेल, अशा हिशेबाने रिमोनाबँट ही गोळी निघाली. २००६ मध्ये युरोपात तिला परवानगी मिळाली. वजने उतरली. पण भुकेबरोबर मनातले आणखी काहीतरी उतरले. माणसे खिन्न होऊ लागली, काहींच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले. अमेरिकेने तिला दारातच अडवले, २००८ मध्ये युरोपने ती मागे घेतली आणि २००९ च्या डिसेंबरात भारत सरकारने तिच्यावर बंदी घातली. वासना हे एकच मूळ आहे, त्याची एक फांदी छाटताना दुसरीला कुऱ्हाड लागू शकते, हे त्या गोळीने फार महाग शिकवले.

म्हणून हल्लीच्या इंजेक्शनांची बातमी आली तेव्हा मी दचकलो. जेवण झाले की आतडे एक संप्रेरक सोडते, 'आता पुरे' असे सांगणारे. रक्तात ते दोन मिनिटेही टिकत नाही. अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका विषारी घोरपडीच्या लाळेत त्याच्यासारखाच पण टिकाऊ पदार्थ सापडला आणि त्यातून या औषधांची पहिली वाट निघाली. २०२५ मध्ये वजन उतरवणारी अशी इंजेक्शने आपल्याकडे दुकानांत आली, आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत लग्नाकार्यात त्यांचीच चर्चा. रिमोनाबँटसारखे इथेही होते का, याची युरोपच्या औषध-नियंत्रकांनी २०२३ मध्ये चौकशी सुरू केली. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सांगितले की आत्मघाताच्या विचारांशी या औषधांचा कार्यकारणसंबंध दिसत नाही. उलट उदासीनतेवरच त्यांचा उपयोग होईल का, हे काही संशोधक तपासत आहेत. हे सारे दिलासा देणारेच. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी : वजनासाठी या औषधांच्या ज्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत नजीकच्या काळात तीव्र उदासीनता झालेल्यांना बहुधा घेतलेच नव्हते. म्हणजे माझी आई त्या चाचण्यांच्या दारात उभी राहिली असती, तर तिला परत पाठवले असते.

आईची गोष्ट अर्धी राहिली. गोळी सुरू झाल्यावर दोन आठवडे काहीच फरक नव्हता. वडील चिठ्ठी फाडायला निघाले होते. त्या वर्षीच्या भोगीला तिने नेहमीप्रमाणे तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. भोगीची भाजी उकळत होती. मी दप्तर आवरत होतो. तिने पळीतला रस्सा तळहातावर घेतला, जिभेला लावला आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय." वडील दाढी करत होते. त्यांचा हात तसाच राहिला.

आता ती सत्तरीत आहे. माझ्या धाकट्या भावाची बायको मुलुंडला असते. तिला मधुमेह आहे आणि वजनही फार, म्हणून डॉक्टरांनी तिला ते इंजेक्शन सुरू केले आहे. परवा आम्ही सगळे जमलो तेव्हा फराळाचे ताट तिच्यापुढे आले. तिने अर्धी करंजी मोडून ठेवली आणि हसून म्हणाली, "नको हो आई. भूकच लागत नाही."

आईचा हात डब्यावर थांबला. तिने सुनेकडे नीट पाहिले.

"चव लागते का ग?"

"लागते की. पण दोन घासांत पोट भरतं."

"आणि पहाटे जाग येते?"

"छे हो! गजर बंद करून झोपते मी."

आईने डब्याचे झाकण लावले आणि उरलेली अर्धी करंजी स्वतः खाल्ली.